डब्यातला बर्फ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे शाळेच्या वाटचालीचा इतिहास मागितला होता. इतिहासाच्या शिक्षकाकडून ती अपेक्षा रास्तच होती. इमारत कधी उभी राहिली, पहिली तुकडी किती मुलांची होती, विहीर कोणत्या उन्हाळ्यात आटली, हे सारे दप्तरात नोंदलेले आहे आणि आमचे सहकारी ते आमच्याहून नेटकेपणाने लिहितील. आम्ही येथे एकाच दिवसाची हकिकत लिहीत आहोत. तो दिवस शाळेपासून फार दूर, हिमालयाच्या पायथ्याशी गेला. परंतु त्याची सुरुवात आपल्याच शाळेच्या सातवीच्या वर्गात झाली आणि शेवटही त्याच वर्गात झाला.

सन २००६ च्या हिवाळ्यातली गोष्ट. भूगोलाचे गुरुजी रजेवर असल्याने त्यांचा तास आमच्याकडे आला होता. पाठ हिमालयाचा होता. तिसऱ्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, बर्फ पडतो तेव्हा आवाज होतो का?" आम्ही विदर्भाच्या उन्हात वाढलेले. बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. तरीही वर्गासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला 'ठाऊक नाही' म्हणणे जड जाते. आम्ही ठामपणे सांगितले, "होतो. पावसासारखाच, पण जरा हलका." चाळीस-बेचाळीस मुलांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतले.

ती मुलगी आमचीच होती. मात्र शाळेच्या आवारात ती आम्हाला 'बाबा' म्हणत नसे. सर्वांप्रमाणे 'सर' म्हणे. तो नियम आम्हीच घातला होता. आमचे शिक्षक निवासस्थान मुलींच्या वसतिगृहापासून दोनशे पावलांवर होते. तरी पाचवीपासून दहावीपर्यंत ती वसतिगृहातच राहिली, भोजनगृहात रांगेत उभी राहून जेवली, आपले ताट आपण घासत राहिली. इतर मुलांचे आईवडील वीटभट्टीवर, ऊसतोडीला, परमुलखात मजुरीला. त्यांच्या लेकरांना जे मिळत नाही ते आमच्या लेकीला का मिळावे, असा आमचा विचार होता. समतेवर व्याख्यान देणाऱ्याने ती आपल्या घरापासून सुरू करावी, या विचाराचा आम्हाला अभिमान होता. तो आजही अगदीच गेलेला नाही.

पुढे मुलगी परिचारिका झाली आणि चंदीगडच्या एका रुग्णालयात नोकरीस लागली. २०२३ च्या दिवाळीनंतर तिचा दूरध्वनी आला. डिसेंबरात चार दिवसांची रजा मिळते आहे. आजीला घेऊन सगळे या, धर्मशाळेला जाऊ आणि बर्फ पाहू. तिकिटे तिने आधीच काढून ठेवली होती. आम्ही किरकोळ रजेचा अर्ज दिला. आमची अठ्ठ्याहत्तर वर्षांची माय, पत्नी, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा आणि आम्ही असे चौघे नागपूरहून निघालो. दोन रेल्वेगाड्या झाल्या, चंदीगडला मुलगी सोबत आली आणि एका रात्रीच्या बसने रविवार, २४ डिसेंबरच्या सकाळी आम्ही पाचजण धर्मशाळेला उतरलो. एकत्र कुटुंब म्हणून केलेला हा आमचा पहिलाच प्रवास होता.

धर्मशाळेच्या माथ्यावर धौलाधारची रांग आहे. नावातच तिचा धवलपणा आहे. आम्ही मुलांना चित्रे दाखवताना ती नेहमी पांढरीशुभ्र दाखवली होती. प्रत्यक्षात समोर राखाडी कातळ उभा होता आणि त्याच्या घळींतून पांढऱ्या रेघा उतरलेल्या होत्या. मायने बसच्या पायरीवरून वर पाहिले आणि म्हणाली, "पांढरा म्हनत होते, हा तं राखेचा डोंगर हाय." चहावाल्याने कारण सांगितले. यंदा पाऊसही नाही आणि बर्फही नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात या डोंगरांना अडले म्हणजे वर बर्फ आणि खाली पाऊस पडतो. त्या वर्षी ते आले ते अशक्तच. पुढे जानेवारीत तर काश्मीरमधल्या गुलमर्गचे उतारही उघडे पडल्याच्या बातम्या आल्या. प्रवाशांची निराशा होते एवढीच ही गोष्ट नव्हे. कांगडा खोऱ्यातली शेती डोंगरातून काढलेल्या पाटांवर चालते. त्यांना तिकडे 'कूल' म्हणतात. वरचा बर्फ हळूहळू वितळतो म्हणून उन्हाळ्यात त्या कुलांना पाणी राहते. बर्फ म्हणजे डोंगराने साठवून ठेवलेले पाणी. ज्या समाजाने पाण्यासाठी सत्याग्रह केला त्या समाजातल्या माणसांना हे फार समजावून सांगावे लागत नाही.

त्या दुपारी आम्ही मॅक्लिओडगंजच्या वर असलेल्या तिबेटी मुलांच्या निवासी शाळेकडे गेलो. 'तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज' हे तिचे नाव. दलाई लामा १९५९ च्या मार्चमध्ये भारतात आले. त्यांच्यामागून आलेल्या निर्वासितांपैकी हजारोंना डोंगरांत रस्ते बांधण्याचे काम मिळाले आणि त्यांची लेकरे त्याच रस्त्यांच्या कडेला आजारी पडू लागली. १७ मे १९६० रोजी जम्मूकडील रस्तेबांधणीच्या छावण्यांतून ५१ मुले येथे आणली गेली. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांचा सांभाळ केला. १९६४ मध्ये त्यांच्या निधनानंतर धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी ही जबाबदारी घेतली आणि चार दशकांहून अधिक काळ निभावली. आईबाप रस्त्यावर खडी फोडताहेत आणि मुले बुद्धाच्या नावाने चाललेल्या शाळेत अक्षर गिरवताहेत! आम्हाला ती परकी शाळा वाटेना. तिची एक रीत मात्र आपल्याहून वेगळी आहे. तेथे मुले मोठ्या दालनांत न राहता लहान लहान घरांत राहतात आणि प्रत्येक घराला एक गृहमाता असते. आम्ही ही व्यवस्था कौतुकाने पत्नीला समजावून सांगत होतो. मुलगी बाजूला उभी राहून त्या घरांच्या खिडक्यांकडे पाहत होती. ती काही बोलली नाही.

दुसरा दिवस २५ डिसेंबरचा. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. आम्ही खोलीतच सकाळी त्रिशरण-पंचशील घेतले, धम्मवंदना म्हटली आणि गाडी करून गल्लूदेवीच्या देवळापर्यंत गेलो. तेथून त्रिउंडच्या पठाराची पायवाट सुरू होते. खाली बर्फाचा कणही नव्हता. वर कोठे सावलीत असेल, असे लोक सांगत होते. माय आणि पत्नी चहाच्या टपरीशेजारी उन्हात बसल्या. पत्नीने पराठ्यांचा स्टीलचा डबा मुलाच्या हाती दिला आणि आम्ही तिघे चढू लागलो.

वाट बांज आणि बुरांशच्या झाडांतून जाते. मुलगा तरणा, तो पुढे निघून गेला. आमच्या गुडघ्यांमुळे मुलगी आमच्या चालीने चालत राहिली. एका वळणावर दम घ्यायला बसलो असता ती म्हणाली, "बाबा, काल ती घरे पाहिली ना, तेव्हा आपले वसतिगृह आठवले. माझ्या खाटेजवळच्या खिडकीतून आपल्या घराचा दिवा दिसायचा. तो विझेपर्यंत मी जागी असायची."

आम्ही गप्प राहिलो. ती पुढे म्हणाली, "सहावीत मला ताप आला होता. आई येऊन बसली होती. तुम्ही आला नाहीत. तिसऱ्या दिवशी वर्गात हजेरी घेताना तुम्ही सगळ्यांसमोर विचारलेत, दोन दिवस गैरहजर का?"

हे आम्हाला आठवत नव्हते. आम्हाला आठवत होती ती आमची निःपक्षपाती वागणूक. आम्ही म्हणालो, "बाकीच्या मुलींना तर घरचा दिवासुद्धा दिसत नव्हता, बाळा."

"म्हणूनच मी कधी बोलले नाही," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यामुळेच आम्हाला उत्तर सापडेना. तिचे सहा वर्षांचे गुण आम्हाला तोंडपाठ होते. तिची हजेरी, तिचे हस्ताक्षर, वक्तृत्वातली तिची पारितोषिके हे सारे ठाऊक होते. दोनशे पावलांवरच्या खिडकीत जागणारी मुलगी मात्र आम्ही पाहिलीच नव्हती. आम्ही नियम चुकीचा केला असे आजही म्हणत नाही. सर्व मुलांना एकच ताट हे आपल्या शाळेचे ब्रीद आहे. पण हजेरी घेताना दोन दिवस गैरहजर असलेल्या कोणत्याही मुलीला 'का' असे न विचारता 'आता बरे वाटते का' असे विचारता आले असते. त्याने समता ढळली नसती. आम्ही तेवढेच तिला सांगितले. ती हसली आणि उठली. "चला सर, बर्फ वितळेल."

त्रिउंडचे पठार २,८०० मीटरांहून थोडे उंच आहे. आम्हाला पोहोचायला साडेतीन तास लागले. वर सगळीकडे वाळलेले तपकिरी गवत, निळे आकाश आणि समोर धौलाधारची भिंत. मुलगा एका मोठ्या खडकामागून हात हलवून हाका मारत होता. खडकाच्या उत्तरेकडच्या सावलीत कधीतरी पडलेला जुना बर्फ उरला होता. साधारण दोन चटयांएवढा असेल. चित्रातल्यासारखा तो मऊ नव्हता. खडे मिठासारखा रवाळ, कडेला मळलेला, त्यात झाडाची पाने रुतलेली. मुलगा म्हणाला, "बाबा, आपल्या मेसचा भात याच्याहून जास्त असतो." आणखी दहा-पंधरा प्रवासी तेवढ्याच बर्फाभोवती उभे होते. कोणी दोन मुठी उचलून उडवल्या असत्या तर बाकीच्यांना काही उरले नसते. हे सर्वांनाच उमगले असावे, कारण न सांगता रांग लागली. दिल्लीकडच्या एका कुटुंबातल्या लहानग्याला सर्वांनी आधी पुढे सोडले. आमची पाळी आली तेव्हा आम्ही वाकून बर्फावर हात ठेवला. आधी गार, मग चटका, मग बधिरपणा. पंचावन्नाव्या वर्षी आम्हाला बर्फाची पहिली प्रत्यक्ष माहिती झाली ती एवढीच.

मुलीने विचारले, "आता सांगा, पडताना आवाज होतो का?" तिला तो तास आठवत होता. आम्ही वर पाहिले. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. ज्या प्रश्नाचे उत्तर घेण्यासाठी एवढ्या दूर आलो, त्याचे उत्तर त्या दिवशी मिळण्यासारखे नव्हते. पडणारा बर्फ आम्ही पाहिलेला नाही. आम्ही पडून राहिलेला बर्फ पाहिला. आम्ही म्हणालो, "ठाऊक नाही. तेव्हाही नव्हते." हे वाक्य उच्चारायला आम्हाला सतरा वर्षे लागली.

मायसाठी काय न्यायचे, हा प्रश्न होता. पराठे खाऊन डबा रिकामा झाला होता. मुलीने सावलीतला स्वच्छ बर्फ त्यात दाबून भरला, झाकण लावले आणि डबा लोकरी शालीत गुंडाळला. शाल माणसाला ऊब देते तशी ती बर्फाला गारवा देत नाही, पण बाहेरची ऊब आत जाऊ देत नाही. हे तिने धाकट्याला उतरताना समजावून सांगितले. दोन-अडीच तासांनी खाली पोहोचलो. माय उन्हात पाय पसरून बसली होती. तिच्या पुढ्यात डबा उघडला. अर्धा डबा पाणी झाला होता आणि त्यात मुठीएवढा एक गोळा तरंगत होता.

मायने बोट बुडवून पाहिले. "हे तं पानीच हाय," ती म्हणाली. मग तो गोळा तळहातावर घेऊन तिने बराच वेळ निरखला. आम्हाला वाटले, ती निराश झाली. ती म्हणाली, "याच्याहून जास्त पांढरं म्या नागपुरात पाह्यलं होतं."

कोणालाच काही कळेना. मुलीने विचारले, "कधी आजी?"

"बाबासायेबानं दीक्षा देल्ली तवा."

मित्रहो, आम्ही गेली तीस वर्षे १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस वर्गात शिकवत आलो आहोत. धम्मचक्र प्रवर्तनाची पार्श्वभूमी, येवल्याची १९३५ ची घोषणा, बावीस प्रतिज्ञा, त्या सोहळ्याचा अर्थ, यांवर व्याख्याने दिली आहेत, लेख लिहिले आहेत. आमची माय त्या दिवशी अकरा वर्षांची होती आणि तिच्या बापाबरोबर त्या मैदानावर होती, हेही आम्हाला ठाऊक होते. घरात ते वाक्य अनेकदा उच्चारले गेले होते. परंतु 'तू काय पाहिलेस' असे तिला आम्ही कधी विचारले नव्हते. पुस्तके होती, मग आणखी विचारायचे काय? इतिहासाच्या पहिल्या धड्यात आम्ही मुलांना प्राथमिक साधने आणि दुय्यम साधने यांतला फरक शिकवतो. प्राथमिक साधन आमच्या घरात रोज आमच्याबरोबर भाकरी खात होते आणि आम्ही दुय्यम साधने वाचत बसलो होतो.

त्या टपरीपाशी मुलीने विचारले आणि मायने सांगितले. तिच्या आठवणी फारशा नव्हत्या. गाडीभाड्यासाठी बापाने शेळी विकली. आदल्या रात्री आईने एकुलते एक धोतर आणि लुगडे धुऊन वाळत घातले. पांढरेच नेसायचे असे सांगणे होते. मैदानावर जिकडे पाहावे तिकडे पांढरेच पांढरे. बापाने खांद्यावर घेतले तेव्हा तिला वाटले, नदीला पांढरा पूर आला आहे. मग तिला तहान लागली. मग ती पेंगली.

"आणि बाबासाहेब?" मुलाने विचारले.

"मले नाही दिसले. लय लांब होते. लोकाइच्या पाठी दिसल्या. मंग सारे उभे राह्यले, म्हून मीबी उभी राह्यली."

आमच्या तोंडून निघून गेले, "माय, पण आवाज तरी ऐकला असशील. भोंग्यांवरून येत होता."

तिने आमच्याकडे पाहिले. "आइकला असन. ध्यानात नाही. जे ध्यानात नाही, ते कसं सांगू?"

शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईने साक्षीदाराचा धर्म एका वाक्यात सांगितला. बाबासाहेबांना पाहिले असे म्हणण्याचा मोह किती मोठा असेल! गावात तिला कोण खोटे पाडणार होते? तिने तो मोह धरला नाही. पाहिले तेवढे पाहिले म्हणाली, न पाहिलेले सोडून दिले. पांढरा जमाव, शेळी, तहान, लोकांच्या पाठी आणि मग उभे राहणे. एवढेसेच आहे, पण ते अस्सल आहे. मुलीने ते सारे तिथेच बसून तिच्याच शब्दांत लिहून घेतले. तोवर गोळा मायच्या हातावर विरून गेला होता. डब्यातले पाणी तिने शेजारच्या झाडाच्या बुंध्याशी ओतले. पाणी वाया घालवणे तिला जमत नाही.

रोज सकाळी परिपाठाआधी आपल्या शाळेत धम्मवंदना होते. तिच्यात 'एहिपस्सिको' हा शब्द येतो. 'ये आणि पाहा' असे म्हणण्याजोगा तो धम्म. तथागतांनी ऐकीव गोष्टींवर विसंबू नका असे सांगितले आणि आपण तो शब्द वर्षानुवर्षे एका सुरात म्हणत आलो. आम्हीही म्हणालो. बर्फ न पाहता बर्फाविषयी सांगितले, लेक न पाहता तिच्याशी न्याय केला असे मानले, आणि मायला न विचारता तिच्या जन्मातला सर्वांत मोठा दिवस शिकवला. दोन चटयांएवढ्या बर्फाने हे तिन्ही एका दिवसात दाखवले. पर्वत भरून बर्फ असता तर आम्ही छायाचित्रे काढून, खेळून परत आलो असतो आणि बहुधा काहीच दिसले नसते.

जानेवारीत शाळेत परतल्यावर आम्ही भूगोलाच्या गुरुजींकडून सातवीचा एक तास मागून घेतला. मुलांना तो जुना प्रश्न सांगितला, आम्ही दिलेले उत्तर सांगितले आणि ते उत्तर आम्ही न पाहता, न वाचता दिले होते हेही सांगितले. पुस्तके सांगतात की बर्फ जवळजवळ निःशब्द पडतो, आणि ताज्या भुसभुशीत बर्फातल्या हवेच्या पोकळ्या आजूबाजूचा आवाजही शोषून घेतात. ते आम्ही वाचले आहे. ऐकलेले किंवा पाहिलेले नाही. एका मुलाने विचारले, "मग सर, तुम्ही काय पाहिले?" आम्ही खडकामागच्या बर्फाचे वर्णन केले आणि फळ्यावर त्याचा आकार काढून दाखवला. वर्ग हसला. आम्हीही हसलो.

त्या दिवशी आम्ही मुलांना एक गृहपाठ दिला, तो आता दरवर्षी देतो. सुटीत घरी गेल्यावर आजी-आजोबांना त्यांच्या आयुष्यातला एक दिवस विचारायचा आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे त्यांनी पाहिलेले, उजवीकडे त्यांनी ऐकलेले लिहायचे. डावी बाजू बहुधा लहान भरते. तिला कमी गुण देत नाही. त्या वह्या शाळेच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. या स्मरणिकेच्या वाचकांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आपापल्या घरातली माणसे आहेत तोवर त्यांना विचारावे आणि एकेक पान शाळेकडे पाठवावे, ही विनंती. आपल्या समाजाचा पुष्कळ इतिहास अजून उन्हात पाय पसरून बसलेला आहे. कोणी विचारेल याची वाट पाहतो आहे.

वसतिगृहातही एक लहानशी गोष्ट सुरू झाली आहे. आजारी मुलाच्या खाटेपाशी त्या दिवशी वर्गशिक्षकाने पाच मिनिटे बसायचे, मुलींच्या वसतिगृहात शिक्षिकांनी. मूल कोणाचेही असो.

आणि २००६-०७ च्या सातवीच्या तुकडीला एक निवेदन. हिमालयाच्या पाठाखाली तुमच्या वहीत 'पावसासारखाच, पण जरा हलका' अशी ओळ असेल. वही अजून जपली असेल तर ती ओळ खोडून टाका. ती लिहून देणाऱ्या शिक्षकाला तेव्हा ठाऊक नव्हते.

नमो बुद्धाय. जय भीम.